चार अंश उशिरा

कुरिक्कात नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
गॅरेजात डिझेलचा हीटर घुरघुरतो
आणि कॅडेटचं बॉनेट गेले सात महिने उघडंच आहे.
इंजिन माझं, म्हणजे कुणाकुणाचं:
ब्लॉक भंगारातला, टर्बो एका मेलेल्या साबचा,
हेड ओस्मोच्या भावाने घासून दिलेलं, जरा जास्तच,
मॅनिफोल्डचं वेल्डिंग माझं.
ओस्मो ते बघून म्हणाला, आंधळ्या शिंप्याने शिवलंय.
पण गळत नाही.

चालतं. फक्त चार हजारांच्या खाली
फुगून बसतं, बोलावलं तरी उठत नाही.

दोन शाफ्ट.
एक आत घेणारा, एक बाहेर सोडणारा.
पिस्टन अगदी माथ्यावर असताना
क्षणभर दोन्ही दारं किलकिली असतात:
जळालेलं अजून पुरतं निघालेलं नसतं
आणि ताजं उंबऱ्यात येऊन उभं.
साध्या इंजिनाला हे मानवतं,
जाणारा येणाऱ्याला हाताला धरून आत ओढतो.
टर्बो लावला की बाहेर गर्दी होते.
निघालेला धूर दारातूनच मागे वळतो
आणि ताज्या हवेच्या तोंडावर खोकतो.

उपाय जुनाच आहे:
घेणाऱ्याला थोडं उशिरा उठवायचं,
सोडणाऱ्याला थोडं लवकर निजवायचं.
चार अंश याचे, चार अंश त्याचे.

एकोणीस वर्षं हिल्का रात्रपाळीला, मी दिवसाला.
ती सव्वासहाला येते, मी साडेसहाला निघतो.
मधल्या पंधरा मिनिटांत
विजेचं बिल, कुत्र्याच्या गोळ्या, मुलीचा ओउलूहून आलेला निरोप,
तिच्या कोटाला वृद्धाश्रमाच्या साबणाचा वास,
माझ्या हाताला कालच्या ग्रीसचा.
मध्ये दोन-तीन वर्षं आम्ही ती मिनिटं
भांडण्यातच घातली.
मग मी सहालाच निघू लागलो.
भांडण थांबलं. बोलणंही.
इंजिनाचा नियम मी घराला लावला होता,
घराला टर्बो नव्हता.

रविवारी तिला सुट्टी होती.
माझंच जुनं स्कीचं जाकीट घालून ती कॉफी घेऊन आली,
आणि टेकायला जागा नव्हती म्हणून उभी राहिली.
बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर डकवलेले तीनशे साठ अंश,
तारेच्या हँगरचा काटा,
पुलीचे स्क्रू सैल, मी फेंडरवर पोटावर आडवा.
सरकवलं, आवळलं.
म्हटलं, आता तू पाना धर, हळू फिरव, मी काटा बघतो.

तिने फिरवलं. आणि थांबली.
"इथे काहीतरी आहे."
पट्टा नवा आहे, म्हणालो, जोर लाव.
तिने लावला नाही.
म्हणाली, "म्हातारी माणसं कूस बदलताना
कुठे दुखतं ते अशीच सांगतात."

टॉर्च घेऊन पुढून बघितलं.
बाजूने वाकलेल्या माणसाचं डावं-उजवं असंच फिरतं.
ज्याला उशिरा उठवायचं
त्याला मी लवकर उठवून बसवलं होतं.
आत, कुठे दिसत नाही अशा जागी,
व्हॉल्व्हची कड पिस्टनला टेकली होती.
नुसती टेकली होती.
मी जोर लावला असता.

परत सैल केलं. परत मोजलं, या वेळी पुढून.
तिने पूर्ण दोन फेरे फिरवले,
मऊ, लोण्यातून सुरी जावी तसे,
आणि पाना जागेवर ठेवून म्हणाली, कॉफी निवली.

रात्री उशिरा सुरू झालं.
इल्मायोकीच्या रस्त्यावर, दोन्हीकडे नांगरलेला बर्फ,
तीन हजार दोनशेला बूस्टचा काटा हलला.
हिल्काने दाराचं हँडल धरलं.
काही बोलली नाही, पण सोडलंही नाही.

सोमवारी सव्वासहाला तिची पावलं वाजली
तेव्हा मी टेबलाशीच होतो.
कुत्र्याच्या गोळ्या संपल्यात, ती म्हणाली.
मी म्हटलं, बस जरा.

कामावर पोचायला उशीर झाला.
फोरमनने घड्याळाकडे पाहिलं.
मी हातमोजे चढवले.